दोन बोटं मऊ भात

"भरवू की नको, एवढंच सांगा म्हाकूबाबा! हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मुहूर्त टळायला घटकाही उरलेली नाही!"

विश्वंभर वैद्य धापा टाकत होता. एका हातात खिरीची चांदीची वाटी, दुसऱ्या हातात बोंडलं, म्हणजे तान्ह्या मुलांच्या तोंडात ओतायचं ते चोचीचं भांडं. धोतराचा सोगा सुटून पायांत येत होता. गावापासून धनगरांच्या माळापर्यंत तो असा भर उन्हात पळत आला होता, आणि वाटेत ज्यांनी पाहिलं त्यांनी तोंडात बोटं घातली होती.

पळणार नाही तर काय करील? आज त्याच्या भाचीचं उष्टावण. पहिला घास मामाने भरवायचा, हा मामाचा मान. पानं मांडलेली, पाहुणे बसलेले, आणि ऐन वेळी बाळंतपणाला माहेरी आलेली बहीण कावेरी लेकीला कडेवर घेऊन पाटावरून उठली ती थेट इकडे आली. म्हणाली, म्हाकूबाबा हो म्हणतील तरच.

म्हाकूबाबा म्हणजे एक म्हातारा धनगर. अक्षरशत्रू. पण पंचक्रोशीतल्या बायका अडीअडचणीला त्याच्याकडे जात, आणि तेच विश्वंभराच्या नाकाला झोंबत होतं. बारा वर्षं गुरूच्या घरी राहून वैद्यक शिकलेला तो, वर ज्योतिषही पाठ. आणि सख्खी बहीण मेंढरं वळणाऱ्याला विचारते!

कावेरी बाभळीखाली बसली होती. मांडीवर पोर. नाव इंदिरा, घरात इंदू.

बाबा मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. मान वर न करता म्हणाला,

"कितवा म्हैना, वैद्यबुवा?"

"पाचवा चालू. चार महिने अकरा दिवस. मुलीला विषम महिना लागतो. सातव्यात शुक्राचा अस्त, तो गेला. मग एकदम नववा. म्हणजे आज, नाहीतर नवव्यात. शास्त्र स्पष्ट आहे."

"आन आय काय म्हनती?"

"आईला काय कळतंय!" विश्वंभर म्हणाला. "ती नुसती घाबरते."

"हो, घाबरते!" कावेरी उसळून म्हणाली. "गेल्या साली कुलकर्ण्यांच्या बाळाला बोंडल्याने पेज पाजली. ठसका लागला आणि लेकरू निळं पडलं. तू होतास ना तिथं, दादा? नशीब म्हणून वाचलं ते. माझ्या इंदूची मान अजून लटलटते. मी नाही तिला धरून पाजू देणार."

विश्वंभराने तोंड फिरवलं. ते निळं तोंड तोही विसरला नव्हता. पण वैद्याने असं बोलून दाखवायचं नसतं, असं त्याला वाटे.

बाबाने काटा काढला, मेंढीच्या पाठीवर थाप मारून तिला सोडली.

"मग भरवा की," तो म्हणाला. "कोन अडिवतंय?"

कावेरीचा चेहरा पांढराफटक पडला. विश्वंभराला मात्र आकाश ठेंगणं झालं.

"बघ! बाबासुद्धा..."

"घाबरू नगंस बाय. उभी धर तिला, मानेला हात दे," बाबा म्हणाला. "बोंडलं ऱ्हाऊ द्या, वैद्यबुवा. बोटानं. हितं माज्यासमुर."

विश्वंभराने सोन्याची अंगठी खिरीत बुडवून इंदूच्या ओठांना लावली. मग बोटभर खीर जिभेवर ठेवली. इंदूने तोंड वाकडं केलं, जीभ पुढे काढली आणि खीर बाहेर. ती थेट विश्वंभराच्या नव्या उपरण्यावर.

दुसऱ्यांदा. जीभ पुढे, खीर उपरण्यावर.

तिसऱ्यांदाही तेच.

"काय म्हनाली?" बाबाने विचारलं.

"ती? ती कुठं बोलते!"

"मला तर तीनदा ऐकू आलं."

कावेरीला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला. विश्वंभराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, थट्टा पुरे. मूल आहे, नवी चव थुंकतंच. म्हणून तर बोंडलं असतं. एकीने हात धरायचे, एकीने डोकं, आणि ओतायचं. गिळतं निमूट. आमच्या घरात सात पिढ्या असंच चाललंय."

बाबा उठला, आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे धरला.

"घोट घ्या. गिळू नगा."

विश्वंभराने घोट घेतला.

"आता मान मागं टाका. पार सैल. जीव न्हाई त्यात, अशी... हां. आता गिळा."

विश्वंभराने गिळलं, आणि त्याला असा ठसका लागला, की डोळे बाहेर आले, नाकातून पाणी, हातातलं बोंडलं धुळीत. कावेरीने धावत जाऊन त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. खोकून खोकून तो मटकन खाली बसला.

"सात पिढ्यांस्नी ठसका लागला आसंल," बाबा म्हणाला. "सांगाया तोंड हुतं कुनाला?"

विश्वंभराने उपरण्याने तोंड पुसलं.

गावाकडून सनईचा आवाज येत होता. तो थांबला. मुहूर्त टळला होता.

"म्हणजे आता नववा महिना," विश्वंभर म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "तोवर नुसत्या दुधावर ठेवतो."

"कशापायी? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ती एक चूक. आन वरात निघून गेल्यावर नवरा उठला, ती दुसरी. नवव्यापातूर नुस्तं दूद पुरत न्हाई. लेकरू सुकंल तुमचं."

"मग केव्हा? तिथी तरी सांगा!"

बाबाने काठीने मेंढरांकडे दाखवलं. एक कोकरू आईच्या पोटाखाली ढुश्या देत दूध पीत होतं. पिता पिता थांबलं, पुढे आलं, आणि आईच्या तोंडातून लोंबणारी पाल्याची काडी त्याने खुशाल ओढून घेतली. दोनदा चघळली, टाकून दिली, आणि परत दुधाला लागलं.

"त्याला कुनी तिथी काडून दिली?"

"ते जनावर आहे, बाबा."

"व्हय. जनावर हाय," बाबा म्हणाला. मग त्याने खांद्याच्या झोळीतून भाकरी काढली, एक तुकडा मोडला आणि इंदूच्या समोर बसून सावकाश चावून खाल्ला.

इंदू त्याच्या दाढीकडे टकामका बघत राहिली. भाकरीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"आजून दाढीच बगती," बाबा म्हणाला. "जा घरी."

विश्वंभर हलला नाही. बारा वर्षांत पाठ केलेलं सगळं त्याच्या डोक्यात गर्दी करत होतं, आणि त्यातलं एकही आज कामाला आलं नव्हतं. मोठी लाज वाटली त्याला. पण गडी खोटा नव्हता. त्याने हात जोडले.

"मला शिकवाल?"

"पंचांग मिटून ठिवा. रोज जेवताना तिला मांडीवर घ्या. आन बगा."

"काय बघू?"

"ते ठाऊक आसतं तर बगाया कशाला लागलं आसतं?"

*

विश्वंभर रोज बघू लागला.

पाहुणे नावं ठेवून गेले. "मामाला भाचीचा घास जड झाला," असंही कुणी म्हणून गेलं. त्याने ऐकून घेतलं. दुपारी पान वाढलं की तो इंदूला मांडीवर घ्यायचा आणि जेवायचा. पहिले पंधरा दिवस ती समईकडे बघायची, त्याच्या शेंडीकडे बघायची. मान डुगडुगायची. मग मान ठरली. मग एक दिवस तिने पानावरून त्याच्या तोंडाकडे जाणारा हात पाहिला. पुन्हा खाली, पुन्हा वर. तो जेवायचा तेव्हा तिचे ओठ हलायचे.

रोज तो बोट धुऊन वरणाचं पाणी तिच्या ओठाला लावून बघायचा, अन् रोज ती जिभेने परत करायची. त्याचं त्याला आता वाईट वाटेनासं झालं. परत आलं की तो म्हणायचा, "बरं बाई, तुझं खरं."

असा दीड महिना गेला.

त्या दिवशी अमावास्या होती. सहावा महिना सरायला तीन दिवस होते, म्हणजे महिनाही सम. मुलीच्या उष्टावणाला याहून वाईट दिवस पंचांगात शोधून सापडला नसता. कावेरी स्वयंपाकघरात ताक घुसळत होती. इंदू मामाच्या मांडीवर ताठ बसलेली. विश्वंभराने वरणभात कालवला आणि घास उचलला.

इंदू पुढे झेपावली. पानात हात घातला, मूठभर भात उचलला आणि तोंडाकडे नेला. अर्धा गालाला, अर्धा विश्वंभराच्या मांडीवर.

विश्वंभर घास हातात धरून तसाच राहिला. सम महिना, अमावास्या. चांदीची वाटी कुलपात, अंगठी पेटीत. सात पिढ्या जणू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दादा..." दारातून कावेरीचा आवाज आला. ताकाची रवी तिच्या हातातच होती.

त्याने घास पानात ठेवला. हात स्वच्छ धुतला. दोन शितं मऊ भात बोटाने चिरडून चिरडून पाण्यासारखा केला, आणि ते बोट इंदूच्या ओठाशी नेऊन थांबला. आत घातलं नाही. नुसता थांबला.

इंदूने तोंड उघडलं.

जीभ पुढे आली नाही. ओठ मिटले. चिंच खाल्ल्यासारखं तोंड झालं... आणि घोट खाली गेला. मग तिने पुन्हा आ केला.

विश्वंभराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतका आनंद त्याला बारा वर्षांत एकदाही झाला नव्हता. त्याने दुसरं बोट भरवलं. तेही गेलं. तिसऱ्याला इंदूने मान फिरवली आणि आईकडे हात पसरले.

कावेरीने तिला उचलून पदराखाली घेतलं. ती रडत होती आणि हसतही होती. "काय गं सटवे," म्हणाली, "मामाच्याच पानातलं हवं होतं होय!"

विश्वंभर जेवण तसंच टाकून माळाकडे निघाला. या खेपेला पळत नव्हता, पण पाय जमिनीवर ठरत नव्हते.

*

म्हाकूबाबा दगडावर बसून लोकर कातत होता.

"बाबा, जेवली!"

"व्हय?"

"अमावास्येला जेवली. सम महिन्यात जेवली. माझ्या पानातून ओढून जेवली!" विश्वंभर त्याच्यासमोर मांडी घालून बसला. "मला कळलं आता. चार खुणा आहेत. मान धरते, आधाराने बसते, जीभ ढकलत नाही, आणि घासाला आपण होऊन हात घालते. चारही दिसल्या की भरवायचं, तोवर थांबायचं. आणि दूध चालूच ठेवायचं. श्लोक बांधतो याचा. घरोघर जाऊन सांगतो. बोंडलं तर मी विहिरीत टाकलं!"

बाबाने चातीला गिरकी दिली. धागा लांबत गेला.

"ब्येस."

"पण एवढ्यावर भागायचं नाही, बाबा. बांधून दिलेली शिदोरी आणि शिकवलेली अक्कल किती दिवस पुरणार? मला बघायला शिकवा. दात येताना ताप येतो तो कसा बघायचा, खोकला कसा ऐकायचा, मेंढी अडली तर तुम्ही हात कुठं ठेवता... सगळं सांगा. मी तयार आहे. आज इथंच राहतो, आजच सुरुवात करा!"

बाबाने चाती थांबवली. त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने 'वैद्यबुवा' म्हटलं नाही.

"पोरा, किती भरिवलंस तिला?"

"दोन बोटं."

"आन तिसरं?"

"तिने मान फिरवली. मी थांबलो."

बाबाने लोकर गुंडाळली, काठी घेतली आणि उठला. मेंढरांना शीळ घातली. चार पावलं गेल्यावर त्याने मागे वळून पाहिलं.

"घरला जा मग," तो म्हणाला. "पैल्या दिशी तेवढंच."