गिलाव्याची ओल

एकदा एका वृद्ध वस्तादाच्या हाताखाली काम करणाऱ्या गवंड्याची बायको तापाने गेली. तिला निरोप देऊन हा शिष्य डोळ्यांतून टिपूस न काढता कामावर हजर झाला. लोक म्हणाले, "काय छातीचा माणूस!" लोकांचे काय, कोरडे डोळे दिसले की त्यांना धीर दिसतो. घरात मात्र त्याने बजावून ठेवले होते, आईचे नाव काढायचे नाही. लहानगी लेक आधी विचारायची, मग विचारेनाशी झाली. पुढे तर ती कशासाठीच तोंड उघडेना.

वर्षश्राद्ध जवळ आले, तसे त्याने पत्नीच्या स्मरणार्थ अंगणात तुळशीवृंदावन बांधले. चुन्याचा गिलावा झटपट वाळावा म्हणून भोवती शेगड्या पेटवून ठेवल्या. गिलावा पांढराशुभ्र, खडखडीत झाला, तेव्हा मोठ्या अभिमानाने त्याने वस्तादांना बोलावून आणले.

वस्तादांनी गिलाव्यावरून बोट फिरवले. बोट भुकटीने माखले. त्यांनी आडावरून घागर भरून आणली आणि वृंदावनावर ओतली. मग दुसरी ओतली. वर ओले गोणपाट गुंडाळले.

"वस्ताद, अहो काय करताय हे! परवा श्राद्ध आहे!"

"श्राद्ध होईल रे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला वायू उडून जातो, वजनाने ती जवळजवळ निम्मी उरते. तिला पाण्यात विरवून आपण गिलावा करतो, आणि तो चुना हवेतून आपले गेलेले थोडे थोडे परत घेत पुन्हा दगड होतो. पण अंगात ओल असेल तरच घेतो, बाबा. तू ओल पळवलीस. हा नुसता वाळलाय, घट्ट झालेला नाही."

शिष्याने मान खाली घातली. "मग ओला ठेवला तर पहिल्यासारखा होईल?"

"नाही. पहिल्या दगडात शिंपल्यांच्या खुणा होत्या, त्या भट्टीतच गेल्या. त्या आता कधीच दिसायच्या नाहीत. पण भिंतीला धरून राहील इतका दगड होतो." वस्तादांनी दारात उभ्या पोरीकडे पाहिले. "तूही वर्षभर शेगडीपाशीच बसलायस."

गोणपाटातून पाणी ठिबकत होते. बऱ्याच वेळाने शिष्य लेकीजवळ जाऊन उकिडवा बसला. "तुझी आई तुळशीला पाणी घालताना काय गं म्हणायची? मी विसरत चाललोय."

पोर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग अडखळत गुणगुणू लागली, आणि पहिल्याच ओळीला बापाचा बांध फुटला. घाबरून तिने परकराचा घोळ त्याच्या डोळ्यांकडे नेला.

"पुसू नकोस गं," वस्ताद म्हणाले. "राहू दे ओल."