घोरपडीने पंचांकडून घेतलेला शब्द

नदीकाठच्या एका जंगलात एक घोरपड राहत असे. एकदा हट्टाला पेटली, की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नसे! सिंहाच्या दरबारात प्रत्येक जंगलाचा एक प्रतिनिधी बसे आणि उन्हाळ्यात नदीचे पाणी कुणाला किती, हे तिथेच ठरे. पण मुलांनो, प्रतिनिधी निवडण्याची रीत मोठी अजब होती. प्राण्यांनी पाच पंच निवडायचे आणि पंचांनी प्रतिनिधी. झाले! कोल्ह्याला दरबारात जायचे होते. दोन पंच त्याच्याकडे जेवून त्याचे झाले, दोघे सांबरासाठी अडून बसले, आणि पाचवा, ससा, कुणाची नाराजी नको म्हणून बैठकीलाच फिरकेना. दोन वर्षे जागा रिकामी राहिली. पाण्याचा वाटा दुसऱ्या जंगलांनी नेला आणि घोरपडीचा डोह पार आटला.

"आणखी एक उन्हाळा असा गेला, तर माझी पिल्लं तहानेनं मरतील," घोरपड म्हणाली. "रीत मोडता येत नाही ना? नका मोडू. पण पंच तर आपणच निवडतो!" नव्या पंचांची निवड तोंडावर आली होती. ती बिळाबिळांत, ढोलीढोलींत गेली आणि विचारू लागली, "दरबारात कोण हवा?" बहुतेकांनी सांबराचे नाव घेतले. मग पंच व्हायला निघालेल्या रानडुकरापुढे ती जाऊन बसली. "वडाखाली सगळ्यांदेखत शब्द दे, की आम्ही सांगू त्यालाच निवडशील."

"पंचाला बांधून घालतेस? शोभतं का हे?" रानडुक्कर भडकले.

"मग मतं मागायला येऊ नकोस," घोरपड म्हणाली आणि तिथून तसूभरही हलली नाही. शेवटी वैतागून डुकराने वडाखाली सगळ्यांदेखत शब्द दिला. पंच व्हायला निघालेल्या बाकीच्यांनाही तिने असेच गाठले, आणि शब्द देणारे पाचजणच पंच म्हणून निवडून आले.

बैठकीच्या दिवशी कोल्ह्याने पंचांना मधाची पोळी पाठवली. पंचांनी ती चाटूनपुसून खाल्ली आणि बाहेर पाहिले. वडाभोवती अख्खे जंगल जमून बसले होते. रानडुकराने घसा खाकरला. "सांबर," ते म्हणाले. उरलेल्या चौघांनीही तेच नाव घेतले.

"अहो, माझा मध खाल्लात ना!" कोल्हा ओरडला.

"खाल्ला. पण शब्द त्याआधी दिला होता, आणि तो सगळ्यांनी ऐकलाय," रानडुक्कर म्हणाले.

त्या उन्हाळ्यात डोह काठोकाठ भरला. कोल्हाही मान खाली घालून पाणी प्यायला आला. घोरपड बाजूला सरकली आणि म्हणाली, "पी बाबा पोटभर. वाटा सगळ्या जंगलाचा आहे."

तात्पर्य : आपल्या वतीने ठरवायला ज्याला पाठवायचे, त्याचा शब्द आधीच चारचौघांत घ्यावा, पाठवून झाल्यावर नुसते कुरकुरून काही हाती लागत नाही.