तीन गुहांचे चार वाटे

डोंगरापलीकडे, जिथे टोलनाका अजून पोहोचलेला नाही, तिथे अस्वलांचं राज्य होतं. राज्यात मधाच्या चार गुहा होत्या. तीन राजाच्या, चौथी प्रजेची, दुष्काळासाठी राखलेली. तिच्या दाराशी साळूबाई साळिंदर बसे. तिला दोन पिल्लं होती, त्यामुळे राखण ती मनापासून करी.

राजा ढोलेराव म्हातारा झाला, डोळ्यांनी अधू झाला. त्याला दोन जुळे मुलगे. आधी जन्मला तो केसाळ झिपरोबा, मागून आला तो तुळतुळीत तुकतुकराव. रिवाज असा, की राजा ज्याच्या डोक्यावर पंजा ठेवून ‘थोरला’ म्हणेल त्याला दोन गुहा, धाकट्याला एक. आणि दिलेला शब्द परत घ्यायचा नाही.

तुकतुकरावाने अंगाला मध चोपडला, त्यावर काथ्या चिकटवला आणि बापापुढे वाकला. बापाने चाचपून पाहिलं. “थोरला!” म्हणाला.

घटकाभराने झिपरोबा आला. झाला प्रकार कळताच त्याने भोकाड पसरलं. राजा विरघळला.

“रडू नकोस लेका. दिलेला शब्द परत घेता येत नाही, पण दुसरा देता येतो.”

त्यालाही थोरला करून राजा समाधानाने वारला.

मग सभा सुरू झाल्या.

“माझे केस अस्सल आहेत! उपटून पाहा!” झिपरोबा गरजला.

“केसांचं काय घेऊन बसलात? विचारांचा वारस मीच!” तुकतुकराव म्हणाला. त्याच्या बाजूचे ससेसुद्धा काथ्या लावून हिंडू लागले.

महिनाभर डोकी फुटली. मग एके दिवशी दोघे भाऊ एका बिळात बसले आणि हसत बाहेर आले. “तोडगा निघाला! दोघेही थोरले. प्रत्येकी दोन गुहा.”

साळूबाई घाबरली. “अहो दादा, तुमच्या गुहा तीनच की! चौथी प्रजेच्या पोरांची आहे.”

“साळूताई,” तुकतुकरावाने डोळे पुसले, “भाऊ-भाऊ एक झाले, त्याचा तुम्हाला आनंद नाही?”

“हिला आमचं घर फोडायचंय!” झिपरोबा म्हणाला.

प्रजेने साळूबाईला हुसकावून लावलं आणि टाळ्या वाजवल्या.

यंदा नदी आटली. चारही गुहांवर पहारा आहे. साळूबाईच्या पिल्लांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. एक म्हणतं खरा थोरला झिपरोबा, दुसरं म्हणतं तुकतुकराव. सकाळपासून दोन्ही पिल्लांच्या पोटात काही नाही, पण घोषणा द्यायला आवाज अजून आहे.