खंडेनवमीचा पेढा

एकदा एका प्रयोगशाळेत खंडेनवमीची पूजा मांडली होती. विषमज्वराचे जंतू वाढवून तपासायचे, हे तिथले रोजचे काम. पूजेची सारी धावपळ तनुजाची, म्हणजे तिथल्या वृद्ध प्राध्यापकांच्या सर्वांत हुशार शिष्येची. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, झेंडूची माळ. आणि सकाळी ज्या ओट्यावर जंतूंच्या बशा उघडल्या, त्याच ओट्यावर पेढ्यांचे ताट! हौस दांडगी. सरांसाठी सगळे खोळंबले होते.

सर आले. माणूस श्रद्धाळू. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग हातमोजे चढवले, ताट उचलले आणि सगळे पेढे जंतुकचऱ्याच्या पिशवीत ओतून दिले.

तनुजा संतापाने लाल झाली. "सर, प्रसाद आहे तो! देवाचा असा अपमान?"

"ओटा कशाने पुसलास?"

"पाण्याने. पूजेत औषधाचा उग्र वास नको म्हणून."

सर हळू आवाजात म्हणाले, "बाळ, नमस्कार मी मनापासून केला. पण सण आहे म्हणून जंतू ओटा सोडून जात नाहीत. पाण्याने ते मरत नाहीत, पसरतात. एरवी तू ही चूक केली नसतीस. आज मनात भक्ती होती, म्हणून सावधपणा सुटला. इथे काही खायचे नाही, हा नियम आजही तोच आहे."

तनुजा पांढरीफटक पडली. "सर, ओवीसाठी एक पेढा दिलाय! मघाशीच सासूबाई फाटकावरून घरी घेऊन गेल्या."

ओवी तिची अडीच वर्षांची लेक.

"कशालाही हात लावू नकोस," सर म्हणाले. एकाने फोन लावून तिच्या कानाशी धरला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना.

"हं, बोल गं," अखेर सासूबाई म्हणाल्या. "देवापुढे ठेवलाय पेढा. ही बया थांबतच नाही, देतेच आता."

"आई, देऊ नका! हातसुद्धा लावू देऊ नका!"

"अगं, प्रसादाला नाही म्हणतेस?"

"हो आई, नाही म्हणते. चूक माझी आहे. पिशवीत बांधून बाजूला ठेवा, आणि दोघी साबणाने हात धुवा. आत्ता!"

पलीकडून "बरं बाई," आणि पाठोपाठ हातातोंडाशी आलेला पेढा गेला म्हणून ओवीने पसरलेले भोकाड.

ते रडणे ऐकून तनुजाला हुंदका फुटला. माळ घातलेल्या सूक्ष्मदर्शकासमोर उभी राहून तिने त्या रडण्याबद्दल देवाचे आभार मानले.