पांढऱ्या पुडीचा रंग

शोभेची दारू घरोघरी हातानं बनवायचे, तेव्हाची ही गोष्ट.

कासमचाचांच्या फळीवर एक पांढरी पूड येऊन बसली. बरणीवर नाव नव्हतं. शेजारच्या निळ्या मोरचुदानं विचारलं, "काय गं, जळताना कुठला रंग देतेस?"

"पांढराच असेल ना?"

"तसं नसतं. मी दिसतो निळा, पण जळतो हिरवा."

पूड बिचारी आणखीच गोंधळली.

एवढ्यात मीठ लावलेली पेरूची फोड खात चाचा आले. तशाच बोटांनी त्यांनी चिमूटभर पूड दिव्याच्या ज्योतीत सोडली. ज्योत पिवळी झाली.

"पिवळी निघाली," चाचा म्हणाले.

'मी पिवळी?' पुडीला काही पटेना. पण चाचांपेक्षा आपल्याला जास्त काय कळणार?

खात्रीसाठी चाचांनी मोरचूद टाकला, तर तोही पिवळा!

"अहो, मी हिरवा आहे!" मोरचूद ओरडला. मग हळूच म्हणाला, "होतो ना गं मी हिरवा?"

चाचांनी डोकं खाजवलं, बोटांकडे पाहिलं आणि मोरीवर जाऊन हात धुतले. पुन्हा पांढऱ्या पुडीची चिमूट टाकली, तर ज्योत लालभडक!

"मग मघाशी मी पिवळी कशी झाले?"

"तू कुठली? ते बोटांवरचं मीठ," मोरचूद म्हणाला. "ते कणभर असलं तरी आपल्याला झाकून टाकतं."

तेव्हापासून कुणी "तू अशीच आहेस" म्हणालं, की पूड आधी विचारते, "हात धुतलेत का?"