उजव्या कमरेची थैली

फार फार जुनी गोष्ट आहे बरं का. डोंगरात एक राज्य होतं. तिथले घाट इतके उभे, की घोडा नुसतं वर बघूनच बसकण मारायचा. म्हणून राजाचा हुकूम माणसं धावत पोचवायची. त्यांना हलकारे म्हणत. हातात घुंगुरकाठी, कमरेला हुकुमांच्या तांब्याच्या शिक्क्यांनी जड झालेली थैली, की निघाले!

थैली बांधायची ती उजव्या कमरेलाच. पहिल्या राजानं पहिल्या हलकाऱ्याला म्हणे स्वतःच्या हातानं तिथं बांधली होती. झालं, रीत पडली. का, कशाला, असं विचारायची कुणाची छाती?

तिशी आली की हलकाऱ्याची कंबर धरायची. मग त्याची काठी वेशीतल्या भिंतीवर टांगायची आणि त्यानं खालच्या ओट्यावर बसून जन्मभर माश्या मारायच्या. "धावणं कंबर खातं," असं सगळे मान डोलावून सांगत.

या राज्यात एक हलकारा होता. धावणं म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याचा बापही हलकारा, आता ओट्यावर वाकून बसलेला. एकोणतिसाव्या वर्षी घाट उतरताना पोराच्या कमरेत अशी कळ आली, की "आई गं!" म्हणून तो वाटेतच बसला.

वेशीत हलकाऱ्यांचा नाईक म्हणाला, "वर्षं भरली तुझी. दोन महिन्यांनी दसरा आहे, तेव्हा काठी टांगू."

"टांगू देणार नाही!" हलकारा म्हणाला.

बाप ओट्यावर जरा सरकला आणि त्यानं पोरासाठी जागा केली.

ती रिकामी जागा बघून हलकाऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कमरेवर हात ठेवून तो तरातरा नदीकडे गेला आणि तिथं ढसाढसा रडला. जवळच कुंभाराचं म्हातारं गाढव चरत होतं.

"रडतोस कशाला? कंबर दुखते?" गाढवानं विचारलं. (त्या काळी गाढवं बोलत. आता फक्त माणसं बोलतात.)

"धावून धावून गेली."

"हॅट! मी वीस वर्षं माती वाहतोय. माझी कशी गेली नाही? माझा कुंभार दोन्ही अंगांना सारखी गोण घालतो. एकदा त्याच्या दीडशहाण्या जावयानं सगळा भार एकाच अंगाला लादला, तर तिसऱ्या दिवशी मी आडवा. तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या एकाच कमरेला लादता, आणि वर नाव धावण्याचं!"

हलकाऱ्यानं डोळे पुसले.

"आणि ऐक," गाढव म्हणालं, "लगेच उड्या मारू नकोस. आधी चाल. मग भरभर चाल. मग धाव. दुखलं तर थांब, पण अंथरुणाला खिळू नकोस."

हलकाऱ्यानं घरी जाऊन थैली उसवली आणि तिच्या दोन शिवल्या. रोज पहाटे तो नदीकाठी चालू लागला. कधी कळ यायची, कधी डोळ्यांत पाणी यायचं. "बसलास की संपलास," असं स्वतःलाच दटावून तो पुन्हा उठायचा. महिन्यानं तो धावू लागला.

दसरा उजाडला. नाईक खिळा आणि हातोडी घेऊन वेशीत हजर. हलकारा आला तो कमरेच्या दोन्ही अंगांना थैल्या बांधून.

नाईक कडाडला, "रीत मोडतोस? कुणी शिकवलं हे?"

"कुंभाराच्या गाढवानं."

सगळी वेस खो खो हसली. "गाढवाची अक्कल घेतोस?"

"गाढवाची कंबर शाबूत आहे, नाईक. तुमची दाखवा!"

हसू थांबलं. नाईकाचा हात नकळत स्वतःच्या उजव्या कमरेवर गेला होता.

"वरच्या गडावर न्यायचा हुकूम द्या," हलकारा म्हणाला. "दिवस मावळायच्या आत परतलो नाही, तर काठी टांगा. माझी मीच खिळ्याला अडकवीन."

तो गेला. ऊन कललं. ओट्यावरचे वाकलेले म्हातारे वाटेकडे डोळे लावून बसले. सूर्य डोंगराला टेकला, आणि घाटातून घुंगरं ऐकू आली. छुम छुम छुम! हलकारा ताठ कमरेनं वेशीत शिरला आणि गडाची पोच त्यानं नाईकापुढं धरली. नाईकानं खिळा गुपचूप खिशात टाकला.

गर्दी ओरडत होती. बाप मात्र हुंदके देत होता. "तिसाव्या वर्षी बसवलं रे मला," तो म्हणाला. "धावण्यानं नव्हतीच गेली माझी कंबर. फुकट बसलो रे!"

मग भिंतीला धरून तो उठला. त्यानं भिंतीवरची आपली जुनी काठी काढली, तिच्यावरची धूळ धोतरानं पुसली आणि पोराला म्हणाला, "चल. धावायचं नाही जमणार. पण नदीपर्यंत मी चालणार, बघू कोण अडवतो!"

त्यानंतर त्या राज्यात कुणी एकाच अंगाला थैली बांधली नाही, आणि वेशीतला ओटा हळूहळू रिकामा झाला.

म्हणून सांगतो: पाय थांबवायच्या आधी अंगावरचं ओझं तपासा, मग ते खुद्द राजानं बांधलेलं का असेना.