वाटी बुडेपर्यंत

एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. त्या गावात एक नावाडी आणि त्याची धाकटी बहीण राहत असत. आईबाप लहानपणीच गेलेले, त्यामुळे दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. भाऊ नाव चालवायचा, बहीण मासेमारीची जाळी विणायची. ती कामाला चोख होती आणि डोक्यानं तल्लख. पण चार माणसं जमली की तिला बोलताच यायचं नाही. जाळी विकायला गेली तरी भाव भाऊच सांगायचा. ती नुसती मागे उभी राहायची.

एकदा पावसाळा सरता सरता ती पलीकडच्या काठावर बाजाराला गेली होती. परतायला नदीवर आली, तेव्हा भावाची नाव काठाला लागलेली होती. नावेत पाच माणसं बसली होती. काठावर त्यांच्याच गावच्या पाटलाचा कारभारी उभा होता. पाटील नवं देऊळ बांधत होता आणि त्याच्या पायऱ्यांसाठी घडवलेल्या पाच मोठ्या शिळा कारभाऱ्याला आजच गावात न्यायच्या होत्या.

नावाडी म्हणाला, "पाणी चढलंय. माणसं पोचवतो आणि मग शिळांसाठी येतो."

"दोन खेपा कशाला?" कारभारी म्हणाला. "पाटलांचा हुकूम आहे. नेणार नसशील, तर उद्यापासून या घाटावर दुसऱ्याची नाव लागेल."

नावाड्यानं वल्हं खाली ठेवलं आणि तो बाजूला सरला. पाटलाच्या हमालांनी शिळा चढवल्या. नाव वरच्या कडेपर्यंत पाण्यात बसली. नावाडी बहिणीला म्हणाला, "तू पुढच्या खेपेला ये गं." कारभारीही मागेच थांबला.

मधल्या भोवऱ्यात नाव एका अंगाला कलली आणि उलटली. पाचही माणसं बुडाली. नावाड्यानं पुन्हा पुन्हा बुडी मारली, पण हाताला कुणीच लागलं नाही. शेवटी तो एकटाच काठावर येऊन पडला. हे सगळं बहिणीनं डोळ्यांनी बघितलं.

संध्याकाळपर्यंत गावात वेगळीच बातमी पसरली. कारभारी म्हणाला, नावाडी दारू प्यायला होता. शिळा नावेत नव्हत्याच, त्या अजून खाणीतून आल्याच नाहीत. हमाल पाटलाचे होते, ते गप्प बसले. नावाड्याला चावडीत कोंडण्यात आलं.

त्या मुलखात न्याय करायला एक न्यायाधीश गावोगाव फिरायचा. रीत अशी होती की आरोपीनं स्वतः बोलायचं नाही, त्याच्या घरच्या एकानं भर सभेत त्याच्या बाजूनं बोलायचं. समोर पाण्याच्या घंगाळात एक बारीक छिद्राची वाटी सोडत. वाटी बुडेपर्यंत काय बोलायचं ते बोलायचं. न्यायाधीश पंधरा दिवसांनी यायचा होता.

बहीण भाकरी घेऊन चावडीत जायची. गजांतून भाऊ विचारायचा, "बोलशील ना?"

"बोलेन दादा. एकेक शब्द पाठ करतेय."

आणि ती खरंच पाठ करत होती. तिनं छान छान शब्द जुळवून मोठं भाषण तयार केलं होतं. चुलीपुढे बसून, दार लावून ती ते शंभर वेळा म्हणायची. एकदाही चुकायची नाही.

गावात एक म्हातारा दवंडीवाला होता. जन्मभर चौकाचौकांत उभा राहून बोललेला माणूस. त्यानं एक दिवस तिच्या बंद दाराबाहेरून ते ऐकलं आणि दार वाजवून तो आत आला.

"पोरी, हे तू कुणासमोर म्हणून बघितलंस का?"

"नाही काका. पण पाठ झालंय."

"भिंतीपुढे सगळ्यांनाच येतं. उद्या बाजार आहे. एकाची म्हैस हरवली आहे, तिची दवंडी द्यायची आहे. माझ्याबरोबर चल आणि ती तू दे. दोनच वाक्यं आहेत."

ती एक पाऊल मागे सरकली. "लोक हसतील."

"हसू देत. आत्ता हसले तर बिघडत नाही. त्या दिवशी हसले तर बिघडेल."

ती खाली मान घालून म्हणाली, "त्या दिवशी बोलेन मी. भावासाठी बोलायचं आहे, तेव्हा येईल मला."

म्हातारा दोनदा पुन्हा आला. दोन्ही वेळा तिनं दार लावून घेतलं.

सभेचा दिवस आला. जुन्या देवळापुढच्या पटांगणात सारा गाव लोटला होता. बुडालेल्यांच्या घरचे लोक पुढे बसले होते. भाऊ दोरखंडानं बांधलेला, एका बाजूला उभा होता. न्यायाधीशानं वाटी पाण्यात सोडली आणि म्हणाला, "बोल."

बहिणीनं पहिलं वाक्य म्हटलं. दुसऱ्याच्या मध्यावर गर्दीत एक तान्हं मूल रडलं आणि तिचा पुढचा शब्द गेला. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तोच शब्द आला नाही. तिसऱ्यांदा तर पहिलं वाक्यही अर्ध्यावर तुटलं. कुणीतरी खुसखुसलं. तिला समोर शेकडो डोळे दिसत होते आणि कानांत नुसता घोंघावणारा आवाज होता.

"शिळा होत्या" एवढे दोन शब्द तिला सांगायचे होते. ते तिला माहीत होते. पण पाठ केलेल्या भाषणात ते फार पुढे होते आणि तिथपर्यंत तिला पोचताच येईना.

न्यायाधीश म्हणाला, "सावकाश बोल. अजून वेळ आहे."

तिनं भावाकडे बघितलं. तो ओठ हलवून तिला काही सुचवत होता. तिला ते कळलं नाही. वाटी भरली, कलली आणि तळाला गेली.

"घरच्यांनाच काही सांगायचं नाही," न्यायाधीश म्हणाला, "तर मी काय ऐकणार?" त्यानं नावाड्याला जन्मभर दगडाच्या खाणीत खपण्याची शिक्षा दिली. झालेल्या निवाड्यावर पुन्हा दाद मागता येत होती, पण तीन वर्षांनंतरच.

नावाड्याला नेताना बुडालेल्यांपैकी एकाची विधवा पुढे झाली आणि तिनं बहिणीच्या अंगावर चिखल फेकला. भाऊ मागे वळून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला सहन झालं नाही.

तिसऱ्या दिवशी ती दवंडीवाल्याच्या दारात उभी राहिली. म्हाताऱ्यानं हलगी उचलली आणि तिला बरोबर घेतलं.

पहिल्या दिवशी तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही. दुसऱ्या दिवशी निघाला तो इतका चिरका की बाजार हसला. "बघा बघा, भावाला खाणीत धाडणारी," असं कुणी म्हणालं. ती घरी येऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

म्हातारा सांगायचा, "आधी पाय रोव. मग श्वास सोड. साऱ्या गावाशी बोलू नकोस, एका माणसाकडे बघ आणि त्याच्याशी बोल. आणि पाठ करू नकोस. काय झालं ते धरून ठेव, शब्द येतील. सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यात आधी सांग."

ती हरवलेल्या गुरांची, लग्नांची, मयतांची दवंडी देत राहिली. कधी अडखळली, कधी एखादं नावच विसरली. वर्षभरानं लोक हसायचे थांबले. दुसऱ्या वर्षी लोक थांबून ऐकू लागले. खाणीतून मात्र कसलीच खबर यायची नाही. तिथल्या माणसांचा निरोप बाहेर येत नसे.

तीन वर्षं भरली. त्यानंतर न्यायाधीश आला तो ऐन उन्हाळ्यात. तिनं दाद मागितली. पटांगण पुन्हा भरलं, पाटील आणि कारभारी पुढे येऊन बसले, वाटी पाण्यात पडली.

तिनं पाय रोवले. न्यायाधीशाकडे न बघता तिनं समोर बसलेल्या त्या विधवेकडे बघितलं आणि तिच्याशीच बोलावं तशी बोलली.

"बाई, त्या नावेत शिळा होत्या. पाच होत्या. माझा भाऊ नको म्हणत होता. या कारभाऱ्यानं त्याला धमकावून त्या चढवल्या. मी चार पावलांवर उभी होते. आज पाणी उतरलंय. भोवऱ्याच्या जागी बुडी मारायला माणसं पाठवा. नव्या देवळाच्या पायऱ्यांवर छिन्नीनं जी नक्षी कोरली आहे, तीच त्या शिळांवर सापडेल."

एवढंच बोलून ती थांबली. वाटी अजून अर्धीही भरली नव्हती.

विधवा उठली आणि न्यायाधीशाला म्हणाली, "महाराज, माणसं पाठवा."

दुपारपर्यंत गाळातून पाचही शिळा निघाल्या. त्यांच्या कडांवर तीच नक्षी होती. ते बघून एका हमालाला धीर आला आणि तो सगळं बोलला. कारभाऱ्याला बेड्या पडल्या, पाटलाची पाटीलकी गेली. न्यायाधीशानं नावाड्याच्या सुटकेचं फर्मान लिहिलं. त्यावर शिक्का उठवता उठवता तो बहिणीला म्हणाला, "एवढंच तेव्हा सांगितलं असतंस, तर तो त्याच दिवशी तुझ्याबरोबर घरी गेला असता."



घोडेस्वार फर्मान घेऊन खाणीकडे गेला. बहिणीनं घर सारवलं, भावाचं धोतर धुऊन वाळत घातलं. नवव्या दिवशी स्वार एकटाच परत आला. गेल्या थंडीत खाणीची दरड कोसळली होती. तिच्याखाली जे गाडले गेले, त्यांत तिचा भाऊ होता.

फर्मानात शेवटी लिहिलं होतं की नावाडी निर्दोष आहे, हे गावभर दवंडी देऊन सांगावं. म्हातारा दवंडीवाला हलगी घेऊन तिच्या दारात आला. "तू घरात बस, पोरी. आज मी सांगतो."

"नाही काका," ती म्हणाली. "हे माझं बोलणं आहे. राहून गेलेलं."

ती चावडीपुढे उभी राहिली, मग बाजारात, मग घाटावर. प्रत्येक ठिकाणी तिनं भावाचं नाव घेतलं, तो निर्दोष होता हे सांगितलं आणि तो आता नाही हेही सांगितलं. ती विधवा न बोलावता तिच्या मागून चालत होती. एकाही ठिकाणी तिचा आवाज अडखळला नाही. शेवटच्या माणसापर्यंत प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू गेला. ज्याच्यासाठी ती बोलायला शिकली होती, तेवढ्या एकाला मात्र तो ऐकू येणार नव्हता.

तात्पर्य एवढंच: खरं माहीत असणं पुरत नाही, ते चारचौघांत सांगता यावं लागतं. आणि ती सवय हसं करून घेत, चुकत, वेळेआधीच करावी लागते. वेळ आल्यावर शिकायला सवड मिळत नाही.